उतरलेल्या तेलाचे पैसे कुणाचे?

विमान कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचण्याचा मला जुना नाद आहे. पुढच्या चकचकीत पानांत हसऱ्या हवाई सुंदऱ्या असतात. खरी गोष्ट मागे, बारीक टायपातल्या टिपांत दडलेली असते. ‘तेल उतरलं की विमान कंपनीचा शेअर घ्यावा’ हा दलाल स्ट्रीटवरचा आवडता सल्ला या टिपांशी ताडून पाहिला, तर मौज वाटते. इंधन हा कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च, हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक असतं. वाचलेला पैसा जातो कुठे, हे मात्र तो सांगत नाही.

जून 2014 मध्ये ब्रेंट तेल 115 डॉलरला टेकलं होतं. जानेवारी 2016 मध्ये ते 28 च्याही खाली गेलं. या दीड वर्षाचा सगळ्यात बोलका कागद हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकचा आहे. तेल महाग असताना या कंपनीने पुढच्या काही वर्षांच्या इंधनाचे भाव करारांनी बांधून टाकले होते. याला हेजिंग म्हणतात. उन्हाळ्यात चार वर्षांचा गहू भरून ठेवावा आणि श्रावणात भाव निम्म्यावर यावा, तसं झालं. 2015 मध्ये हेजिंगवर 8.47 अब्ज हाँगकाँग डॉलर गेले. त्या वर्षी धंदा बरा होता, सहा अब्जांचा नफा राहिला, म्हणून फारशी ओरड झाली नाही. 2016 मध्ये पुन्हा 8.46 अब्ज गेले आणि नफ्याच्या जागी 57.5 कोटींचा तोटा आला. 2017 मध्ये आणखी 6.38 अब्ज, तोटा सव्वा अब्जाच्या वर. 1946 साली स्थापन झालेल्या या कंपनीला सलग दोन वर्षं तोटा पहिल्यांदाच झाला. मुख्यालयातल्या सुमारे सहाशे जणांच्या नोकऱ्या गेल्या. करार करणाऱ्यांपैकी किती जणांच्या, हे अहवालात शोधू नये.

नवशिक्यांची चूक म्हणून हे सोडून देता येत नाही. 2008 मध्ये याच कंपनीला साडेआठ अब्जांच्या वर तोटा झाला होता आणि त्यातला मोठा वाटा हेजिंगचाच होता. चटका बसल्यावर सहा वर्षांत तोच हात त्याच तव्यावर! याला मी सावधगिरी म्हणणार नाही; तेलाच्या भावावर लावलेली ती पैज होती. हेजिंगची गुरू समजली जाणारी अमेरिकेची साउथवेस्टही त्याच 2008 मध्ये, सतरा वर्षांत पहिल्यांदा, एका तिमाहीत तोट्यात गेली होती.

मग हेजिंग न करणाऱ्यांची तरी चांदी झाली का? इंडिगो हेजिंग करत नव्हती. तिचा शेअर बाजारात आला 10 नोव्हेंबर 2015 ला, ऐन नरकचतुर्दशीला. 765 रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी चांगला वर बंद झाला. माहितीपत्रक मात्र वाचण्यासारखं होतं. आधीच भरघोस लाभांश वाटून झाल्यामुळे जून 2015 अखेर कंपनीची नक्त मालमत्ता उणे होती. पुढे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तेल बारा वर्षांच्या तळाला होतं आणि इंडिगोचा तिमाही नफाही वाढला होता. तरी निकालानंतर शेअर एका दिवसात दोन आकडी टक्क्यांनी कोसळला. तिकिटं स्वस्त झाली होती, नवी विमानं वेळेवर येत नव्हती. स्पर्धा असेल तिथे तेलाची बचत प्रवाशाच्या खिशात जाते. त्याबद्दल प्रवासी म्हणून माझी तक्रार नाही. शिवाय विमानांचं भाडं डॉलरमध्ये द्यायचं, आणि 2014 च्या मध्यात साठाच्या आसपास असलेला डॉलर 2016 च्या सुरुवातीला 68 रुपयांवर गेलेला. त्यावर राज्याचा व्हॅट. मुंबई-पुण्यात विमानाच्या इंधनावर तो 25 टक्के होता, 2023 मध्ये 18 वर आणला.

तेल का उतरलं, हेही पाहायला हवं. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी तेलाचा वायदा चक्क उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. सल्ला खरा मानायचा तर विमान कंपन्यांच्या शेअरसाठी याहून चांगला मुहूर्त नव्हता. पण विमानं जमिनीवर उभी होती म्हणूनच तर तेल पडलं होतं. वॉरन बफे यांनी चार मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांचे आपल्याकडचे सगळे शेअर विकून टाकल्याचं 2 मे रोजी जाहीर केलं.

शेअर घेणाऱ्याने तेलाचा आलेख पाहण्याआधी कर्ज, हेजिंगची टीप आणि भाडेकरार वाचावेत. 2015-16 मध्ये स्वस्त तेलाच्या जोरावर जेट एअरवेजनेही हजार कोटींहून जास्त नफा दाखवला होता. 17 एप्रिल 2019 ला तिचं शेवटचं विमान उडालं आणि 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायला सांगितलं. अवसायनात देणी भागवताना सामान्य भागधारकाचा क्रमांक सगळ्यात शेवटी लागतो.