गिटारचे लाकूड आणि त्याचा नाद

गिटारची तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तिची कंपने घोडीतून वरच्या पातळ फळीत, म्हणजे तबलीत उतरतात आणि आवाज मोठा होतो तो तिथे. म्हणून तबलीचे लाकूड हलके असूनही ताठ लागते. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षात हे दोन्ही गुण आहेत. त्याचा आवाज स्वच्छ आणि दूर पोहोचणारा. सीडार थोडे मऊ, त्यामुळे नाद उबदार.

पाठ आणि बाजूंसाठी जड, टणक लाकूड वापरतात. त्यात सह्याद्रीतल्या शिसवीचा मान मोठा. ब्राझीलचे रोजवूड मिळेनासे झाल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1969 मध्ये भारतीय शिसव स्वीकारली. शिसवीत कंपने हळूहळू विरतात, म्हणून स्वर रेंगाळतो, असे कारागीर सांगतात.

मात्र पाठीच्या लाकडाची महती वाजवीपेक्षा जास्तच गायली गेली आहे. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार घडवली होती. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात फक्त पाठ-बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी 52 वादकांनी अंधारात वाजवल्या. त्यांनी दिलेल्या गुणांत फारसा फरक पडला नाही.

मिरजेचा तंबोराही हेच दाखवतो. त्याची पाठ भोपळ्याची, तबली तुणाच्या लाकडाची. आणि कारागिराचा खरा कस लागतो तो तबलीची जाडी राखण्यात.