टर्बो की सुपरचार्जर? छोट्या इंजिनात मोठी ताकद येते कुठून, जाणून घ्या

ह्युंदाई व्हेन्यूचं १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ८३ पीएस ताकद देतं, तर १ लिटरचं टर्बो इंजिन १२० पीएस. इंजिन लहान, मग ताकद जास्त कशी?

उत्तर आहे हवा. सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली, की जास्त इंधन जाळता येतं.

टर्बोचार्जर : एक्झॉस्टचा गरम वायू टर्बाइन फिरवतो. त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात पाठवतो. वाया जाणारी ऊर्जा कामी येते. पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर जोर यायला क्षणभर उशीर होतो. हाच ‘टर्बो लॅग’.

सुपरचार्जर : हा सहसा इंजिनच्याच बेल्टवर फिरतो. जोर लगेच मिळतो, पण इंजिनची थोडी ताकद त्यालाच लागते. त्यामुळे मायलेजला फटका बसतो.

काय काळजी घ्याल?

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. त्याच्या बेअरिंगला आधार इंजिन ऑइलचाच. त्यामुळे ऑइल वेळेवर बदला. घाट चढून थांबलात, तर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू राहू द्या. नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल जळतं, बेअरिंग खराब होतं आणि दुरुस्तीचा मोठा खर्च मागे लागतो.