वाचन आणि आकलन : लेखांक सहावा – कथेचा मध्यवर्ती आशय

मागील लेखांकात आपण असे पाहिले की, सरळ विवेचनाच्या परिच्छेदात मुख्य विधान बहुधा एखाद्या वाक्यात उघडपणे मांडलेले असते आणि इतर वाक्ये साक्षीदारांप्रमाणे त्याच्या पुष्ट्यर्थ उभी असतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, पाचगणीस तो पुष्कळच कमी होतो आणि जेमतेम २० मैलांवरील वाईस त्याचा अल्प अंशच पोहोचतो, असा मजकूर ज्या परिच्छेदात आहे, त्याचा विषय ‘पाऊस’ आहे असे म्हणणे चुकीचे नव्हे. परंतु सह्याद्रीचा माथा ओलांडताच मोसमी वाऱ्यांतील पाणी झपाट्याने उणावते, हे पूर्ण विधान हाती लागल्याखेरीज ही तीन गावे त्याच क्रमाने का आली, याचा उलगडा होत नाही.

कथेत ही सोय क्वचितच असते. प्रेमचंदांची १९३३ साली प्रसिद्ध झालेली ‘ईदगाह’ ही कथा दाखल्यादाखल घेऊ. आईबाप वारलेला आणि अमीना या आजीने वाढवलेला हमीद ईदच्या दिवशी गावातील मुलांबरोबर शहरात जातो. महमूदापाशी १२ पैसे, मोहसिनापाशी १५ आणि याच्यापाशी अवघे ३. सोबती मातीची खेळणी आणि मिठाई घेतात. हमीद मात्र लोखंडी सामानाच्या दुकानी थबकतो, कारण तव्यावरून पोळ्या उतरवताना आजीची बोटे भाजतात हे त्याला आठवते, आणि ६ पैसे सांगितलेला चिमटा घासाघीस करून ३ पैशांत पदरात पाडून घेतो.

या कथेचे तात्पर्य विचारले की ‘काटकसर करावी’ असे लिहून विद्यार्थी मोकळे होतात. कथेतील पुराव्यापुढे हे उत्तर टिकत नाही, कारण हमीद एक छदामही शिल्लक न ठेवता सारी पुंजी एका वस्तूत घालतो. ‘आजीवरील प्रेम’ हे उत्तर अधिक जवळचे खरे, तथापि त्यानेही शेवटच्या प्रसंगाचा हिशेब लागत नाही. चिमटा पाहून अमीना आधी संतापते आणि कारण कळताच लहान मुलीसारखी रडू लागते. तेथे नातू वडीलधारा झाला आहे आणि आजी पोर, ही अदलाबदल लेखकाने स्वतः पुढे येऊन नमूद केली आहे. ती ध्यानात घेऊन मागे वळावे, म्हणजे मिठाई खाणाऱ्या सोबत्यांमध्ये रिकाम्या हातांनी उभा असलेला हमीद निराळा दिसू लागतो. चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकून त्याची थोरवी सिद्ध करण्यासाठी त्याने घातलेला लांबलचक वाद तर मला या कथेतील सर्वांत मार्मिक भाग वाटतो. घाईचा वाचक त्याला निव्वळ करमणूक समजून पुढे सरकतो. वस्तुतः अद्याप मूलच असलेल्या हमीदाला खेळण्याची केवढी हौस होती, हे त्याच वादातून कळते आणि त्याने कशावर पाणी सोडले याचे मोल ठरते. दारिद्र्य मुलाला अकाली प्रौढ करते आणि ते प्रौढपण पाहून त्याच्यावर माया करणाऱ्या माणसाला धन्यता व यातना एकाच क्षणी भोगाव्या लागतात, असा आशय मांडला तरच त्या वादालाही कथेत जागा मिळते आणि अमीनेच्या अश्रूंनाही.

निवेदक स्वतःच कथेतील पात्र असतो, तेव्हा त्याच्या जबानीवर कितपत विसंबावे, हा प्रश्न पुढील लेखांकात घेऊ.