समुद्र न पाहिलेल्यांचा समुद्र

आमचं नांदगाव पेठ हे अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. इथल्या माणसाला समुद्र पाहायचा तर बडनेऱ्याला गाडीत बसून रात्रभर मुंबईच्या दिशेनं जावं लागतं. गावात अशी कितीतरी जुनी माणसं आहेत, ज्यांनी समुद्र फक्त सिनेमात पाहिला. अशा गावातल्या एका घरात दिवाळीनंतर महिनाभर समुद्रावरच्या एका पुस्तकाची चर्चा चालली, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. पण ते घर माझंच, म्हणून खात्रीनं सांगतो.

पुस्तक माझ्या पुतण्याचं. तो पुण्याला नोकरी करतो. दिवाळीला आला आणि जाताना हे पुस्तक पलंगावर राहिलं. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, ते तेव्हा कळलं नाही. पुस्तक इंग्रजी, नाव ‘दि अंडरवॉटर वेल्डर’. लिहिणारा आणि चित्रं काढणारा एकच, कॅनडाचा जेफ लेमिर. प्रसिद्ध झालं २०१२ साली. गंमत म्हणजे हा लेमिरही मूळचा समुद्रकाठचा नव्हे. ऑन्टारिओ प्रांतात शेतावर वाढलेला. दोनशेहून जास्त पानांची ही कादंबरी काळ्या-करड्या चित्रांतून सांगितली आहे, आणि कित्येक पानांवर एक अक्षरही नाही.

गोष्ट अशी. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियात, जॅक नावाचा तरुण समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करतो. पाण्याखाली उतरून लोखंडाचे सांधे जोडायचे, हा त्याचा धंदा. घरी बायकोचे दिवस भरत आलेले. पण याचं मन घरात लागत नाही. त्याचा बाप पाणबुड्या होता, दारूही प्यायचा. जॅक लहान असताना एका रात्री तो समुद्रात उतरला, तो परतलाच नाही. आता इतक्या वर्षांनी खोल पाण्यात जॅकला काहीतरी ऐकू येतं, काहीतरी सापडतं, आणि तो पुन्हा पुन्हा खाली जाऊ लागतो. शेवट सांगत नाही.

पहिला अभिप्राय आला तो शेजारच्या निवृत्त गुरुजींचा. त्यांनी दहा पानं उलटली आणि पुस्तक मिटलं. “चित्रांची पुस्तकं लेकरांसाठी ठीक आहेत. कादंबरीत शब्द पाहिजेत, बाप्पा!” मी त्यांना कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीची आठवण करून दिली. चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारत सांगायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पण गुरुजी ऐकतात कसले? घरी जाऊन त्यांनी ‘रणांगण’ची जुनी प्रत आणली आणि माझ्यापुढे ठेवली. “समुद्र आणि दुःख वाचायचं असेल तर हे वाच.”

गुरुजींचा अभिमान समजण्यासारखा आहे. विश्राम बेडेकरांचा जन्म १९०६ साली आपल्या अमरावतीतच झाला. ‘रणांगण’ १९३९ साली आली आणि ती त्यांची एकुलती एक कादंबरी ठरली. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि नाझींच्या छळातून सुटलेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात, प्रेमात पडतात. मुंबईला चक्रधर उतरतो. हॅर्टा पुढे जाते आणि शेवटी समुद्रातच स्वतःला संपवते. कॉलेजात असताना मी ती वाचली होती. या खेपेला वाचताना वाटलं, दोन्ही पुस्तकांत समुद्र वेगळा, देश वेगळा, काळ वेगळा. पण सल एकच. शेवटचा निरोप नीट घेता आला नाही, हा.

माझ्या कॉलेजातल्या मुलीचं मत याहून निराळं. ती म्हणाली, “बाबा, हा जॅक दुःखात बुडी मारून बसला, पण त्याच्या बायकोनं वाटच पाहत राहायचं का? तिच्या मनात काय चाललंय, त्याला पानं कमीच दिली.” तिचं म्हणणं मला पटलं.

आणि मग वहिनींनी ते पुस्तक हाती घेतलं. वहिनी म्हणजे पुतण्याची आई. शिक्षण मराठी सातवी, इंग्रजीचा गंध नाही. माहेर दर्यापूर तालुक्यातलं, खारपाण पट्ट्यातलं, जिथल्या विहिरींचं पाणी तोंडात घेववत नाही. दुपारची भांडी झाली की त्या चष्मा लावून ओसरीवर बसत आणि एकेक चित्र पाहत. चार दिवसांनी म्हणाल्या, “भाऊजी, हा मानूस घडीघडी पान्यात काहून जाते? बाप तं काही वर येत नाही.”

मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी दोन पानं मागं उलटली, एका चित्रावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, “मले वाटते, यानं बापाचं शेवटचं तोंड नसन पाह्यलं.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “आपल्या पोरानंबी नाही पाह्यलं.”

माझ्याजवळ बोलायला शब्द नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी माझे थोरले भाऊ परगावी बाजारात हृदयविकारानं गेले. पुतण्या तेव्हा नऊ वर्षांचा. गाडी घरी यायच्या आत मीच त्याला मोटारसायकलवर बसवून मामाच्या गावी पोहोचवून दिलं. लेकरानं हे कशाला पाहायचं, असं सगळेच म्हणत होते आणि मलाही ते शहाणपणाचं वाटलं. तेरवी झाल्यावर तो घरी आला. त्यानं काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. मुलगा समजूतदार आहे, म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

आपल्याकडे घरोघरी असंच होतं. मुलांना दुःखाची झळ लागू नये म्हणून आपण त्यांना दूर करतो. हेतू चांगलाच असतो. पण घरात बसून सगळ्यांबरोबर रडायचं राहून गेलं, की ते मूल मोठेपणी एकटंच ते शोधत फिरतं. जॅक पाण्यात उतरतो. आमचा पुतण्या पुण्यात बसून एक पुस्तक वाचतो आणि ते घरी ठेवून जातो. वहिनींना इंग्रजी येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. चित्रं त्यांना वाचता येतील, हेही ठाऊक असावं.

त्या रविवारी मी त्याला फोन केला. पुस्तक इथंच राहिल्याचं सांगितलं. “काका, विसरलो नव्हतो,” तो म्हणाला. मग मी तो दिवस त्याला पहिल्यापासून सांगितला. कोण कोण आलं होतं, कुठं निजवलं होतं, चेहरा कसा शांत होता. मामाच्या गावी त्याला सोडून आलो, ते चुकलं, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं एकच विचारलं, “बाबांच्या अंगात सदरा कोणता होता?”

निळ्या रेघांचा, मी म्हणालो. आणि फोन वहिनींच्या हाती दिला.

गुरुजींचं मत मात्र अजून बदललेलं नाही. पण पुस्तक त्यांनी पुन्हा मागून नेलंय.