काँक्रीटच्या रस्त्याला हिऱ्याची टाकी

पाटा गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती घसरते. पण म्हणून कुणी पाटा टाकून देत नसे. टाकी लावणारा दारावर आला की छिन्नीने पाट्यावर बारीक टवके पाडून घ्यायचे. पाटा पुन्हा कामाला तयार! झिजलेल्या काँक्रीटच्या रस्त्यालाही अशीच टाकी लावता येते.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९४० च्या सुमारास घातलेल्या काँक्रीटने कित्येक पावसाळ्यांना दाद दिली नाही. २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही काँक्रीटचाच. आता तर गल्लीबोळांतही काँक्रीट आले आहे. तेव्हा हा रस्ता खराब झाला की फोडायचा की दुरुस्त करायचा, हा तुमच्याआमच्या खिशाचा प्रश्न आहे.

मुळात तो बिघडतो कसा? दोन लाद्यांमधल्या सांध्यातून पाणी खाली मुरते. वरून अवजड ट्रक गेला की खालच्या मातीचा चिखल होऊन तो जागचा हलतो, पुढची लादी खचते आणि सांध्यावर पायरी तयार होते. साडेचार मीटरवर एक सांधा धरला, तर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला जवळजवळ पाच धक्के बसतात. कंबरदुखीच्या माणसाला विचारा! शिवाय चाकांनी घासून पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पावसात ब्रेक दाबला की गाडी घसरते.

यावरचा उपाय म्हणजे डायमंड ग्राइंडिंग. यंत्राच्या आडव्या दांड्यावर गोल पाती एकमेकींना खेटून बसवलेली असतात. एक मीटर रुंदीत दीडशेहून जास्त! त्यांच्या कडांना हिऱ्याचे कण असतात. (दागिन्यातले नव्हेत, कारखान्यात तयार केलेले.) यंत्र पाणी सोडत पुढे सरकते, साधारण ३ ते ६ मिलिमीटर थर खरवडते आणि निघालेला राडा शोषून घेते. मागे कॉर्डरॉयच्या कापडासारख्या उभ्या रेघा उरतात. पाणी त्या रेघांत उतरते, टायरला पकड मिळते, चाकांची घरघरही कमी होते. नवे काँक्रीट घातले तर ते मुरेपर्यंत थांबावे लागते. इथे यंत्र पुढे गेले की वाहतूक सुरू. दुकानदारांना आणि शाळेच्या बसला हा फरक चांगलाच कळतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या आय-१० महामार्गाचा १९ वर्षे वापरलेला एक भाग १९६५ मध्ये असा घासला गेला. तोच भाग १९८३ आणि १९९७ मध्ये पुन्हा घासून वापरात ठेवला.

मात्र ही जादूची कांडी नव्हे. लादी दुभंगली असेल किंवा खाली पोकळी झाली असेल, तर आधी ते दुरुस्त करायला हवे, सांधेही नीट भरायला हवेत. नाहीतर घासून काढलेली पायरी पुन्हा डोके वर काढेल. वर डांबर ओतण्याचा सोपा मार्गही फसवाच; खालच्या सांध्यांच्या भेगा काही काळाने डांबरातूनही उमटतात.

तेव्हा तुमच्या रस्त्यावर फोडाफोडीचा नारळ फुटायच्या आत नगरसेवकांना एकच विचारा: लाद्या खालून खचल्या आहेत, की नुसत्या वरून झिजल्या आहेत?