आधी स्टेशन, मग हॉटेल : टोकियोतल्या मुक्कामाविषयी

टोकियोला निघालेली ओळखीची माणसं मला हमखास एकच प्रश्न विचारतात : "शहराच्या मध्यावर चांगलं हॉटेल कुठलं?" पुण्या-मुंबईहून लंडनला किंवा पॅरिसला जाणाऱ्याने हा प्रश्न विचारला तर त्याला काही अर्थ असतो. टोकियोत तो गैरलागू ठरतो. नकाशावर या शहराचा जो मध्य येतो तिथे सम्राटांचा राजवाडा आहे. त्याच्याभोवती खंदक आहेत, दगडी तट आहेत, दाट झाडी आहे. हॉटेलं, दुकानं आणि माणसांची गर्दी त्या झाडीपासून दूर शिंजुकु, शिबुया, इकेबुकुरो, उएनो, गिंझा अशा ठिकाणी वाटली गेली आहे आणि यांतलं प्रत्येक ठिकाण आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराएवढं गजबजलेलं आहे. म्हणून टोकियोत हॉटेल शोधताना मध्य विसरावा आणि स्टेशन शोधावं. गेली कित्येक वर्षं कधी कामासाठी, कधी भाच्याकडे, तर कधी निव्वळ हौसेने मी तिथे जात आलो आहे. तिथले रेल्वेचे नकाशे हा माझा आवडता विषय आहे आणि त्यातून माझं मत दरवेळी अधिकच पक्कं झालं आहे.

गिंझा सोडला तर या सगळ्या गजबजलेल्या ठिकाणांना एका धाग्यात ओवते ती यामानोते लाइन. हिरव्या पट्ट्याची ही गाडी शहराभोवती गोल फिरते. वर्तुळाची लांबी ३४.५ किलोमीटर, स्टेशनं ३० आणि एका फेरीला लागतो साधारण तासभर. गर्दीच्या वेळी दोन-चार मिनिटांनी गाडी येत असल्याने वेळापत्रक बघायची गरजच पडत नाही. एक गाडी चुकली तरी प्लॅटफॉर्मवरून हलू नये, पुढची येतच असते. जपानमध्ये वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते, त्यामुळे बाहेरच्या रुळांवरची गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि आतल्या रुळांवरची उलट दिशेने. चुकीच्या दिशेच्या गाडीत बसलात तरी मुक्कामाला पोहोचताच, फक्त उशिरा.

हे वर्तुळ एका दमात बांधलेलं नाही. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगींनी टोकियो बेचिराख झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये कांदा ते उएनो हा उरलेला तुकडा जोडला गेला आणि गाड्या अखंड गोल फिरू लागल्या. उद्ध्वस्त झालेल्या शहराने इतक्या लवकर हे काम पुरं केलं याचं मला आजही अपार कौतुक वाटतं. उपनगरांतून येणाऱ्या खासगी रेल्वे कंपन्यांना या वर्तुळाच्या आत शिरायची परवानगी बराच काळ मिळत नव्हती. त्यामुळे त्यांच्या गाड्या शिंजुकु, शिबुया, इकेबुकुरो इथेच थांबायच्या. लाखो माणसं तिथे उतरून गाडी बदलायची. कंपन्यांनी त्या माणसांसाठी स्टेशनांवरच भलीमोठी दुकानं उभारली, दुकानांमागोमाग खाणावळी आल्या, सिनेमाघरं आली आणि हॉटेलं आली. आज प्रवासी ज्या भागांत हॉटेलं शोधतो, ते भाग असे रेल्वेच्या परवान्यांतून घडले आहेत.

यामानोतेबद्दल बोलायला लागलं की मला थांबवत नाही, म्हणून आणखी थोडं सांगतो. गाडी सुटताना स्टेशनावर छोटीशी धून वाजते आणि काही स्टेशनांची धून त्यांची स्वतःची असते. ताकादानोबाबाला ॲस्ट्रो बॉय या कार्टूनचं गाणं वाजू लागलं, कारण त्याचा जनक ओसामु तेझुका याचा स्टुडिओ त्याच भागात आहे. याच तेझुकाने गौतम बुद्धाच्या आयुष्यावर चित्रकादंबऱ्यांची मोठी मालिका काढली होती. एबिसु स्टेशनची धून 'द थर्ड मॅन' या सिनेमातली. त्याच नावाच्या बिअरच्या जाहिरातीत ती वापरली गेली होती आणि बिअरच्या कारखान्याचा माल नेण्यासाठीच ते स्टेशन १९०१ मध्ये सुरू झालं. एखादी रिकामी दुपार मिळाली तर या गाडीत बसून पूर्ण फेरी मारावी. सगळं शहर कळत नाही, पण आपण कुठे राहायला हवं होतं ते नक्की कळतं.

आता हॉटेलांचे प्रकार थोडक्यात. तारांकित हॉटेलं जगात सगळीकडे असतात तशीच. बहुतेकांना परवडतं ते 'बिझनेस हॉटेल'. तिथली खोली ११ ते १४ चौरस मीटरची, स्वच्छ आणि सोयीची असते. मोठी बॅग जमिनीवर उघडली की चालायला जागा उरत नाही. 'सेमी-डबल' पलंगावर दोन धडधाकट माणसं मावत नाहीत, नवरा-बायकोने ट्विन खोली घ्यावी. कॅप्सूल हॉटेल एकट्या तरुणाने अनुभव म्हणून घ्यावं. खोली बहुधा दुपारी तीननंतर मिळते, बॅगा मात्र सकाळीही ठेवून घेतात. पासपोर्ट हाताशी ठेवावा, त्याची प्रत काढून घेतली जाते. प्रकारांबद्दल इतकं पुरे.

खरा प्रश्न अंतराचा आहे. हॉटेलच्या माहितीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी पायी अंतराचा ठरलेला हिशेब आहे : ८० मीटरला एक मिनिट आणि वरचं उरलेलं अंतर पुढच्या पूर्ण मिनिटात धरायचं. सिग्नलला थांबण्याचा वेळ त्यात धरत नाहीत, चढही धरत नाहीत. हॉटेलवालेही साधारण याच सवयीने मिनिटं लिहितात. म्हणजे पाच मिनिटं याचा अर्थ चारशे मीटरच्या आसपास आणि तेही स्टेशनच्या सगळ्यात जवळच्या दारापासून. इथे तुम्ही कुठल्या दाराने बाहेर पडता त्यावर सगळं ठरतं. शिंजुकु हे प्रवाशांच्या संख्येने जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन आहे आणि त्याला दोनशेहून अधिक दारं आहेत. पूर्वेकडून पश्चिमेकडे तिकीट न काढता सरळ जाता येईल असा रुंद मार्ग तिथे २०२० मध्ये झाला. तोवर स्टेशनला वळसा घालून जावं लागायचं. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर जोडप्याने पश्चिमेच्या उंच इमारतींमधलं हॉटेल घेतलं होतं. खोली उत्तम, खिडकीतून अख्खं शहर दिसायचं. पण रोज संध्याकाळी दमून आल्यावर गाडीतून उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंत त्यांना वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागायचं. चौथ्या दिवशी काकूंनी बाहेर पडायलाच नकार दिला.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो : हॉटेलला पत्र पाठवून किंवा त्यांच्या नकाशावर बघून दाराचा क्रमांक मिळवा. भुयारी स्टेशनांची दारं ए१, बी३ अशी ओळखली जातात आणि तसे पिवळे फलक सगळीकडे असतात. लिफ्ट सगळ्या दारांना नसते, एखाद-दुसऱ्याच दाराला असते. मोठ्या बॅगा असतील तर लिफ्टचं दार कुठलं ते आधी पाहा आणि तिथून हॉटेलचं अंतर मोजा. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावं नसतात आणि पत्ते घरांच्या गटांच्या क्रमांकांनी चालतात, त्यामुळे दाराचा क्रमांक हाच खरा पत्ता. भुयारी मार्ग किती खोल आहे हेही बघावं. ओएदो लाइन नवी आणि फार खोल आहे. रोप्पोंगीला तिचा एक प्लॅटफॉर्म जमिनीखाली ४२ मीटरवर आहे. उलट गिंझा लाइन, उएनो आणि असाकुसा यांना जोडत १९२७ मध्ये सुरू झालेली आशियातली पहिली भुयारी रेल्वे, रस्त्याच्या अगदी खाली धावते. दोन-तीन जिने चढलं की माणूस उजेडात. गुडघे दुखणाऱ्यांनी गिंझा लाइनवर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमानतळाचंही तसंच. तिकिटावर नारिता लिहिलंय की हानेडा, ते पाहून स्टेशन ठरवा. हानेडा जवळ आहे. तिथून केइक्यू रेल्वेने शिनागावा पाव तासात येतं आणि १९६४ च्या ऑलिंपिकआधी सुरू झालेली मोनोरेल हामामात्सुचोला सोडते. नारिता साठ किलोमीटरवर आहे. तिथून निघालेली स्कायलायनर गाडी ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठत निप्पोरीला चाळीस मिनिटांच्या आत पोहोचते आणि पुढचं स्टेशन उएनो. निप्पोरीला त्याच इमारतीत यामानोते मिळते, हे फार सोयीचं. उएनोला मात्र स्कायलायनरचं स्टेशन वेगळं आहे आणि बॅगा ओढत थोडं चालावं लागतं. मला सगळ्यात आवडते ती तोएइ असाकुसा लाइन. १९६० मध्ये या भुयारी मार्गावरून उपनगरी खासगी कंपनीच्या गाड्या थेट धावू लागल्या. आज या एकाच मार्गाने गाडी न बदलता एका बाजूला नारिता आणि दुसऱ्या बाजूला हानेडा गाठता येतो. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परतणार असाल, तर असाकुसा किंवा निहोम्बाशीच्या आसपास राहण्यासारखं सुख नाही.

आता माझी पसंती. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबाने उएनो-ओकाचिमाची भागात राहावं. यामानोते आहे, तिच्या शेजारून केइहिन-तोहोकु लाइन धावते, गिंझा लाइन आहे, नारिताची गाडी आहे. बागेत १८८२ पासूनचं प्राणिसंग्रहालय आणि टोकियोचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. गिंझा लाइनने तीन स्टेशनं गेलं की असाकुसाचं देऊळ. आणि आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे ओकाचिमाची ही जडजवाहिराची बाजारपेठ आहे, तिथे भारतातले जैन व्यापारी आहेत आणि त्यामुळे शुद्ध शाकाहारी भारतीय जेवण चालत जाता येईल इतक्या अंतरावर मिळतं. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचं माशाचं पाणी वरणापासून भाजीपर्यंत सगळ्यात असतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला हा भाग आधार वाटतो.

हाकोने किंवा फुजीकडे जाणाऱ्यांनी दोन रात्री शिंजुकुला काढाव्यात, कारण त्या गाड्या आणि बस तिथूनच सुटतात. तिथल्या नाकामुराया या खाद्यगृहात १९२७ पासून भारतीय करी मिळते. क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना त्या घराने आश्रय दिला होता आणि ती करी त्यांनीच शिकवली. क्योटोला पहाटे निघायचं असेल तर टोकियो स्टेशन किंवा शिनागावा. टोकियो स्टेशनच्या १९१४ च्या लाल विटांच्या इमारतीतच हॉटेल आहे, महाग आहे, पण इमारत बघायला तरी जावंच. सेइचो मात्सुमोतोच्या एका गाजलेल्या रहस्यकादंबरीचा सगळा डाव याच स्टेशनावरच्या चार मिनिटांवर उभा आहे. कादंबरीत तेवढाच वेळ एका प्लॅटफॉर्मवरून पलीकडचा दुसरा प्लॅटफॉर्म मध्ये गाडी न येता दिसतो.

दुसऱ्या-तिसऱ्यांदा जाणाऱ्यांना मी ओत्सुकाचं नाव सुचवतो. यामानोतेवरचं हे साधं स्टेशन, गर्दीच्या इकेबुकुरोला लागून. त्याच्या रुळांखालून तोदेन आराकावा ही ट्राम जाते. टोकियोत एकेकाळी ट्रामचं जाळं होतं, त्यातला महापालिकेचा एवढा एकच १२ किलोमीटरचा मार्ग राहिला आहे. घरांच्या परसांना जवळजवळ घासून ती जाते, शाळेची मुलं आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई तिच्यात चढतात. मी ओत्सुकाला राहिलो की सकाळी पहिल्यांदा ट्रामच धरतो. पर्यटकांच्या यादीत नसल्याने इथे तोच पैसा टाकून खोली जरा मोठी मिळते.

नातेवाइकांकडे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. एडोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात भारतीय संगणक अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. २००० सालच्या संगणकी संकटाच्या कामासाठी आलेले बरेचजण तिथे राहिले, कारण तोझाइ लाइनने कचेऱ्यांचा ओतेमाची भाग एका गाडीत येतो. म्हणजे त्यांनीही आधी स्टेशनच निवडलं. मराठी माणसं तिथे भरपूर आहेत आणि २०१९ मध्ये त्या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. भाच्याच्या घरी पोह्यांचा वास येतो तेव्हा फार बरं वाटतं. पण शहर बघायचं असेल तर मुक्काम वर्तुळावर ठेवावा आणि जेवायला निशी-कासाईला जावं.

एक शेवटची गोष्ट विसरू नका. टोकियोतल्या गाड्या रात्रभर धावत नाहीत. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात त्या बंद होतात आणि पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. मधल्या वेळात टॅक्सी, आणि ती महाग. विमान रात्री उशिरा उतरत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढा. साकुरा मार्चच्या शेवटी फुलतो आणि उएनोची बाग त्यासाठीच प्रसिद्ध असल्याने तिथल्या खोल्या फार लवकर भरतात. तेव्हा जायचा विचार असेल तर दिवाळीच्या सुट्टीतच नकाशा उघडा, स्टेशन आणि दार ठरवा आणि रद्द करता येईल अशा दराने खोली राखून ठेवा.