जुनी लेन्स घरी उघडताना: बुरशी काढायची, पण लेन्स वाचवायची

गेल्या पावसाळ्यात मोठ्या काकांनी कपाटातून त्यांचा जुना झेनिट कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. त्याला हेलिओस ४४-२ ही लेन्स लावलेली होती. घरातल्या बारशापासून लग्नापर्यंतचे सगळे जुने फोटो याच लेन्समधून काढलेले. मोबाईलचा टॉर्च मागून लावून पाहिलं, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. बुरशी! मी म्हटलं, "काका, उघडून साफ करू का?" काका म्हणाले, "उघड की. पण परत लावता आली पाहिजे."

हा लेख त्यांच्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. लेन्स उघडणं फार अवघड नाही. अवघड आहे ते कुठे थांबायचं हे कळणं.

आधी लेन्स समजून घेऊ

हेलिओस ४४-२ ही सोव्हिएत काळातली ५८ मिमी, एफ/२ लेन्स. जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सवर बेतलेली. आत सहा काचा आहेत, पण त्या चार गटांत बसवलेल्या आहेत. म्हणजे दोन ठिकाणी दोन-दोन काचा एकमेकींना कायमच्या चिकटवलेल्या. मधोमध अ‍ॅपर्चरची पाती, त्यांच्या पुढे दोन गट आणि मागे दोन गट. या सगळ्याभोवती फोकसची रिंग आणि तिचे आटे. या आट्यांना हेलिकॉइड म्हणतात. रिंग फिरवली की काचांचा पूर्ण संच पुढे-मागे सरकतो तो यांच्यामुळे.

अशा जुन्या लेन्स उघडता येतात, कारण त्या स्क्रू आणि रिंगांनी जोडलेल्या असतात. तुमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्याचं तसं नाही. त्यात छोट्या प्लास्टिकच्या लेन्स एकावर एक दाबून बसवलेल्या असतात आणि पूर्ण मॉड्यूल गोंदाने बंद केलेलं असतं. त्यामुळे हा लेख वाचून फोनचा कॅमेरा उघडायला जाऊ नका.

खरंच उघडायची गरज आहे का?

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च धरा आणि समोरून तिरकं पाहा. जे दिसेल त्यावरून ठरवा:

• धुळीचे सुटे कण: सोडून द्या. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश लेन्सच्या मोठ्या भागातून येतो. चार कणांनी त्यातला नगण्य प्रकाश अडतो. फोटोत फरक दिसत नाही.
• सगळीकडे पसरलेलं दुधी धुकं: बहुतेक वेळा जुन्या ग्रीसमधल्या तेलाचा थर. समोरून प्रकाश आला की फोटो फिका पडतो. साफ करणं फायद्याचं.
• जाळं किंवा मुळांसारख्या रेषा: बुरशी. ही वाढत जाते. तिच्यातून बाहेर पडणारं आम्ल काचेवरचं कोटिंग आणि पुढे काचही खातं. लवकर काढलेली बरी.
• दोन चिकटवलेल्या काचांच्या मधली बुरशी: घरी निघत नाही. काचा वेगळ्या करण्याच्या भानगडीत पडू नका.
• पिवळट काच: ही नेहमी घाण नसते. सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीसारख्या काही लेन्समध्ये थोरियम असलेली काच वापरलेली आहे आणि ती काळानुसार पिवळी पडते. पुसून रंग जाणार नाही. अशी काच घासू किंवा तासू तर अजिबात नका.

काकांच्या लेन्समध्ये बुरशी मागच्या गटाच्या आतल्या बाजूला होती, चिकटवलेल्या जोडाच्या बाहेर. म्हणजे हात पोचण्यासारखी.

काय काय लागेल

लेन्स स्पॅनर (दोन टोकं असलेलं, रिंगेच्या खाचांत बसणारं), चांगले बारीक स्क्रूड्रायव्हर, रबरी ब्लोअर, लेन्स टिश्यू, कापूस, हातमोजे, डिस्टिल्ड वॉटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्कोहोल मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. पेरॉक्साइड ३ टक्क्यांचं हवं. ६ टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ करा.

लेन्स जपानी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिचे अधिक चिन्हाचे स्क्रू बऱ्याचदा जेआयएस प्रकारचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि स्क्रूचं डोकं खराब करतो.

अल्कोहोल पेट घेतं, म्हणून काम स्वयंपाकघरात गॅसजवळ करू नका. पंखा बंद, खिडकी उघडी. टेबलावर पांढरी चादर पसरा. स्क्रू पडला तर उडत नाही आणि दिसतोही.

उघडण्याआधी: फोन हाच तुमचा बॅकअप

सगळ्यात आधी एक चाचणी फोटो काढा. रिंग ∞ या खुणेवर ठेवून लांबचा टॉवर किंवा डोंगर टिपा. लेन्स परत जोडल्यावर हाच फोटो पुन्हा काढून ताडून पाहायचाय.

मग प्रत्येक भाग सोडवण्याआधी आणि सोडवल्यानंतर एक-एक फोटो. कोड लिहिताना आम्ही प्रत्येक बदल कमिट करतो, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं. इथेही तेच. एका कागदावर १, २, ३ असे आकडे लिहा आणि निघालेला भाग त्या आकड्यावर ठेवा. प्रत्येक काचेच्या कडेला पेन्सिलने बाणाची खूण करा, टोक समोरच्या दिशेला. काच उलटी बसली तर लेन्स जोडली जाईल, पण फोटो बिघडेल.

हे मी अनुभवाने सांगतोय. याआधी चोर बाजारातून घेतलेली एक लेन्स मी उत्साहात पूर्ण खोलली होती, हेलिकॉइडसकट. या आट्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात. कुठल्या जागी ते सुटले याची खूण केली नाही, तर परत जोडताना चुकीच्या जागीही ते गुण्यागोविंदाने बसतात. मग ∞ वर रिंग नेऊनही लांबचं काहीच स्पष्ट दिसत नाही. दोन संध्याकाळी मी एकेक सुरुवात करून पाहत बसलो होतो. म्हणून नियम एकच: बुरशी काचेवर असेल तर हेलिकॉइडला हात लावायचा नाही.

आता उघडू या

१. बुरशीच्या जवळच्या बाजूने आत जा. बाजू चुकली तर विनाकारण अर्धी लेन्स खोलावी लागते.

२. मागच्या काचेभोवतीच्या रिंगेला समोरासमोर दोन खाचा असतात. स्पॅनरची टोकं त्यात घट्ट बसवा, खाली दाब ठेवा आणि हळू डावीकडे फिरवा. स्पॅनर निसटला तर ओरखडा थेट काचेवर पडतो, म्हणून काचेवर टिश्यूची घडी ठेवा. समोरच्या रिंगेला खाचा नसतील तर मापाचं रबरी बूच दाबून फिरवा.

३. रिंग हलत नसेल तर जोर वाढवू नका. आधी बाजूला बिनडोक्याचे बारीक स्क्रू लपलेत का ते पाहा. नसतील तर आट्यांवर अल्कोहोलचा एक थेंब टाकून थोडा वेळ थांबा.

४. काच बोटांनी उचलू नका. लेन्स मऊ कापडावर उलटी करून काच अलगद खाली येऊ द्या.

५. अ‍ॅपर्चरची पाती उघडी पडतील. त्यांना बोट, कापूस, काहीही लावू नका. पात्यांवर तेल दिसलं तरी हेलिओस ४४-२ मध्ये पाती हाताने फिरतात, त्यामुळे काम चालतं. कॅमेरा स्वतः पाती मिटवतो अशा लेन्समध्ये मात्र तेलाने पाती अडकतात. ते काम जाणकाराकडे द्या.

साफ करताना

पहिल्यांदा ब्लोअर. कण तसाच ठेवून पुसलं तर तोच कण काच घासतो. मग कापूस पेरॉक्साइडमध्ये भिजवून, पिळून, बुरशीवर दोन-तीन मिनिटं ठेवा. चिकटवलेला जोड कधीही द्रवात बुडवू नका, मधला गोंद सुटू शकतो. नंतर डिस्टिल्ड वॉटरने पुसा आणि शेवटी टिश्यूला किंचित अल्कोहोल लावून मध्यापासून कडेकडे गोल फिरवा. दर वेळी नवीन टिश्यू.

अ‍ॅसिटोन आणि थिनर नको, काचेच्या कडेचा काळा रंग निघतो. टूथपेस्टही नको, ती घासणारी असते. आणि लेन्स उन्हात "बुरशी मरेल" म्हणून उघडी टाकून जाऊ नका. भिंगाने कागद पेटवलेला आठवतोय ना? तेच होईल.

जोडताना उलट्या क्रमाने जा. रिंग आधी थोडी डावीकडे फिरवा, आटे जुळले की हलकं 'टक' जाणवतं, मग उजवीकडे. घट्ट, पण पिळून नाही. मग ∞ वर तोच चाचणी फोटो.

परत होऊ नये म्हणून

बुरशीला ओलावा आणि अंधार आवडतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे तिला घर आणि जेवण दोन्ही देणं. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. नारिंगी जेल हिरवट झालं की ते सुकवायची किंवा बदलायची वेळ झाली. डब्यात छोटा हायग्रोमीटर असेल तर ४० ते ५० टक्के आर्द्रता ठीक. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लेन्स वापरत राहा.

काकांच्या लेन्सचं काय झालं? जाळं गेलं. पण काचेवर दोन फिके डाग राहिले. तिथलं कोटिंग बुरशीने आधीच खाल्लं होतं, ते कोणीच परत आणू शकत नाही. तरी खिडकीसमोर काढलेला फोटो आता धुरकट येत नाही. अ‍ॅडॉप्टर लावून ती लेन्स मी माझ्या मिररलेसवर चढवली आणि पहिला फोटो काकांचाच काढला. त्यांनी आधी रिंग ∞ पर्यंत फिरवून पाहिली, मग फोटो.